महाराष्ट्रातील शालेय मानसिक आरोग्य साहाय्य

शालेय मानसिक आरोग्य साहाय्य म्हणजे शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या भावनिक, वर्तनविषयक आणि शिकण्याशी निगडित अडचणी सुरुवातीच्या अवस्थेत ओळखून त्यांना शाळेत किंवा शाळेमार्फत मदत मिळवून देणारी व्यवस्था होय. शिक्षकाचे निरीक्षण, वर्गातील जीवनकौशल्य शिक्षण, समुपदेशन, पालकांशी संवाद आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे आहेत. महाराष्ट्रात ती एखाद्या स्वतंत्र योजनेतून उभी राहिलेली नाही. आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास या विभागांच्या वेगवेगळ्या कार्यक्रमांतून ती तुकड्यातुकड्याने आकाराला आली आहे. त्यामुळे कायदा व योजनांची संख्या मोठी असली, तरी अडचणीतील मुलापर्यंत मदत पोहोचते की नाही हे बहुधा त्या शाळेत मुलाचे ऐकून घेणारी प्रौढ व्यक्ती आहे की नाही यावर अवलंबून असते. जळगाव व धुळे जिल्ह्यांचा समावेश असलेल्या खानदेशात आणि भुसावळसारख्या मध्यम शहरांत हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो.

संकल्पना

मानसिक आरोग्य म्हणजे केवळ मानसिक आजाराचा अभाव नव्हे. दैनंदिन ताण पेलता येणे, शिकता येणे, मैत्री करता व टिकवता येणे आणि स्वतःच्या भावना ओळखता येणे या क्षमतांचाही त्यात समावेश होतो. शालेय वयात आढळणाऱ्या अडचणींचे स्थूलमानाने चार गट केले जातात.

पहिल्या गटात विकासाशी निगडित अवस्था येतात. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अवधानातील उणीव व अतिचंचलता यांची लक्षणे बालवयातच दिसू लागतात. दुसऱ्या गटात चिंता आणि नैराश्य यांसारखे भावनिक विकार येतात. ते पौगंडावस्थेत वाढतात आणि बाहेरून सहज दिसत नाहीत. तिसरा गट वर्तनविषयक अडचणींचा आहे. सतत भांडणे, चोरी, शाळेतून पळून जाणे आणि व्यसनाची सुरुवात ही त्याची उदाहरणे होत. चौथ्या गटात परिस्थितीजन्य ताण मोडतो. घरातील मृत्यू, हिंसा, लैंगिक अत्याचार, स्थलांतर, बालविवाहाचा दबाव, परीक्षेतील अपयश अशी त्याची कारणे असतात. चौथ्या गटातील मुलांना कोणताही आजार नसतो, तरीही त्यांना आधाराची गरज असते. त्यामुळे शालेय साहाय्य ही संज्ञा उपचारापेक्षा व्यापक अर्थाने वापरली जाते.

लवकर साहाय्याची गरज

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटातील दर सातांपैकी एका व्यक्तीला मानसिक विकार असतो. मानसिक विकारांच्या सुरुवातीच्या वयाबाबत झालेल्या १९२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रकाशित झाले. त्यानुसार सुमारे एकतृतीयांश व्यक्तींमध्ये विकाराची सुरुवात वयाच्या १४ वर्षांपूर्वी, तर सुमारे ६२ टक्के व्यक्तींमध्ये २५ वर्षांपूर्वी झालेली होती. म्हणजेच प्रौढपणी दवाखान्यात पोहोचणाऱ्या अनेकांचा त्रास शाळेच्या वर्गात असतानाच सुरू झालेला असतो.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण असल्याचे त्यांतील ८१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि राज्यनिहाय ही संख्या सर्वाधिक होती. या आकडेवारीत शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थी एकत्र मोजले जातात. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते, हे ही आकडेवारी वाचताना लक्षात घ्यावे लागते.

इतिहास

महाराष्ट्रात मुलांच्या मनाचा विचार शिक्षणाच्या अंगाने सुरू झाला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षा व भीती यांपासून मुक्त असे बालशिक्षण हा त्यांच्या कार्याचा पाया होता. पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी हे काम आदिवासी मुलांपर्यंत नेले.

खानदेशात याच काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी तेथे अध्यापन केले आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी सांभाळली. विद्यार्थ्यांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे, घरापासून दूर राहणाऱ्या मुलांशी रोज बोलणे आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढणे ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. त्यांना आजच्या अर्थाने समुपदेशन म्हणता येणार नाही. मात्र वसतिगृहातील मुलाला आपले म्हणता येईल असा एक प्रौढ माणूस हवा, हा विचार त्यांत स्पष्ट दिसतो.

मानसशास्त्रीय पद्धतीने काम करणारे बालमार्गदर्शन केंद्र भारतात प्रथम मुंबईत १९३७ मध्ये सुरू झाले. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, ते सुरू केले होते. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. मानसशास्त्राचा शिक्षणात उपयोग करण्याची परंपरा तेथे वाढली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू झाली आणि मानसिक आरोग्याची चर्चा मराठी मध्यमवर्गीय घरांत पोहोचण्यास तिचा हातभार लागला. संकटातील मुलांसाठीची चाइल्डलाइन ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली आणि १०९८ हा तिचा क्रमांक पुढे देशभर लागू झाला.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर राहिला. अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९६ मध्ये घेतला. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र आणि काही विषयांत पर्याय अशा सवलतींमुळे ‘ढ’ किंवा ‘आळशी’ ठरवलेल्या अनेक मुलांच्या अडचणीला प्रथमच नाव मिळाले. मात्र तपासणी व प्रमाणपत्राची सोय दीर्घकाळ मुख्यतः मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांभोवती केंद्रित राहिली.

कायदेशीर चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ म्हणजेच पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. शिक्षक व समुपदेशकही त्यास अपवाद नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याला संपूर्ण गोपनीयतेचे आश्वासन देता येत नाही आणि ही मर्यादा त्याला संभाषणाच्या सुरुवातीसच सांगणे योग्य मानले जाते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांचा समावेश आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे या कायद्याचे कलम ११५ सांगते. अल्पवयीन मुलांना विद्युत-आघात उपचार देण्यावर कायद्याने निर्बंध घातले असून त्यासाठी पालकांच्या संमतीबरोबरच मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवेची व्यवस्था करावी, असे त्यांत म्हटले आहे. गुणांनुसार विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे व त्यांना जाहीरपणे अपमानित करणे टाळावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतवाणीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, हेही निर्देशांत आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांची पटसंख्या शंभराहून कमी आहे. त्यांच्यासाठी समुपदेशकाच्या नेमणुकीपेक्षा संदर्भसेवेचा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो.

शासकीय कार्यक्रम

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. पुढे त्यात शाळांतील जीवनकौशल्य शिक्षण व समुपदेशन, महाविद्यालयीन समुपदेशन आणि आत्महत्या प्रतिबंध या घटकांची भर पडली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. तपासणीच्या यादीत विकासातील विलंब, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता व अतिचंचलता यांचाही समावेश आहे. आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा सहा प्रमुख विषयांपैकी एक आहे. १० ते १९ वयोगटातील मुलामुलींमधूनच समवयस्क मार्गदर्शक तयार करणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची त्यात तरतूद असून त्याच्या अकरा विषयांपैकी एक भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा आहे. कोविड साथीच्या काळात, २१ जुलै २०२० रोजी, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही चोवीस तास चालणारी मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळा, केंद्र व तालुका स्तरांवर ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. मुलामुलींसाठी सुरक्षित वातावरण, शाळाबाह्य मुलांचा शोध, बालविवाह रोखणे व समुपदेशन ही या समितीची कामे आहेत. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम २०२४ मध्ये जाहीर झाला. ताण हाताळणे, योग, प्राणायाम व कृतियुक्त अनुभव यांना त्यात स्थान देण्यात आले. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून राज्य मंडळाने जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्यास सुरुवात केली. परीक्षेच्या काळात मंडळ विभागनिहाय समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मंडळाच्या नाशिक विभागात येतात.

कार्यपद्धती

शालेय साहाय्याची रचना सामान्यतः तीन स्तरांत केली जाते.

पहिला स्तर सर्व विद्यार्थ्यांसाठी असतो. भावना ओळखणे, निर्णय घेणे, नकार देणे आणि मदत मागणे ही कौशल्ये वर्गातील खेळ, गोष्टी व चर्चेतून शिकवली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात मांडलेली दहा जीवनकौशल्ये हा या शिक्षणाचा सामान्य आधार आहे. शिक्षा व चिडवाचिडवी यांपासून मुक्त वातावरण हाही याच स्तराचा भाग होय.

दुसरा स्तर अडचणीची चिन्हे दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतो. बदल हे यातील सर्वांत महत्त्वाचे चिन्ह मानले जाते. नियमित येणारे मूल वारंवार गैरहजर राहणे, बोलके मूल अबोल होणे, अक्षर व वह्या अचानक बिघडणे, डबा न खाणे, वर्गात झोप लागणे, वैद्यकीय कारण न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी, जुने मित्र तुटणे ही त्याची काही रूपे आहेत. एखादे चिन्ह एकदा दिसल्याने निष्कर्ष काढला जात नाही. चिन्हे दोन-तीन आठवडे टिकून राहिली किंवा एकापेक्षा अधिक चिन्हे एकत्र दिसली, तर विद्यार्थ्याशी एकांतात, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात राहून बोलणे सुचवले जाते. ‘काय झाले तुला?’ असा उलटतपासणीचा प्रश्न विचारण्याऐवजी दिसलेला बदल सांगावा, मुलाला बोलू द्यावे, उपदेश व तुलना टाळावी आणि पुढे काय करायचे हे त्याच्यासह ठरवावे, अशी ही पद्धत आहे. अल्प मुदतीचे समुपदेशन, समस्या सोडवण्याचे टप्पे शिकवणे आणि पालकांची भेट हे याच स्तरावर घडते.

तिसरा स्तर तज्ज्ञांच्या उपचारांचा आहे. स्वतःला इजा करण्याचे किंवा मरणाचे विचार व्यक्त होणे, भास होणे, खाणे किंवा झोप पूर्ण बिघडणे, अत्याचाराचा संशय येणे अशा प्रसंगी वाट न पाहता मदत मिळवली जाते. आत्महत्येबद्दल थेट व शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने निर्माण होत नाही, असे संशोधन सांगते. अशा विद्यार्थ्याला एकटे न सोडणे, पालकांना त्याच दिवशी कळवणे आणि वैद्यकीय मदतीपर्यंत सोबत जाणे ही शाळेची प्राथमिक जबाबदारी समजली जाते. विद्यार्थी उपचार घेऊन परतल्यावर वर्गात त्याची चर्चा होऊ न देणे व अभ्यासाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवणे हेही साहाय्याचेच अंग आहे.

खानदेशातील स्थिती

राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील भुसावळपासून ठाणे व नागपूर ही दोन्ही शहरे सुमारे ४०० किलोमीटरवर आहेत. बहुसंख्य मुलांना मनोरुग्णालयाची गरज कधीच पडत नाही. तथापि ‘मानसिक उपचार म्हणजे ठाणे किंवा नागपूर’ अशा समजुतीमुळे साध्या समुपदेशनाबद्दलही भीती वाटते. प्रत्यक्षात जवळचे पर्याय आहेत. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून कार्यरत आहे. भुसावळहून जळगाव सुमारे २५ किलोमीटरवर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मात्र तेथे जाऊन येण्यात मजुराचा एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि उपचार एका भेटीत संपत नाहीत.

भुसावळ हे रेल्वेच्या विभागीय मुख्यालयाचे शहर असून २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८७ हजार होती. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्र यांमुळे शहरात व परिसरात बदलीवर आलेली आणि पाळीत काम करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. बदलीमुळे शाळा, भाषा व मित्र एकाच वेळी बदलणे हा मुलांच्या दृष्टीने मोठा ताण असतो. रात्रपाळी करणाऱ्या पालकांची शाळेच्या वेळेत भेट होणेही अवघड जाते. मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या शाळा येथे असल्याने एकाच भाषेतील साहित्य पुरत नाही.

मोठ्या रेल्वे जंक्शनमुळे या शहराचा आणखी एका प्रश्नाशी संबंध येतो. घर सोडून निघालेली मुले गाड्यांत व फलाटांवर सापडतात. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत मध्य रेल्वेच्या इतर विभागांप्रमाणे भुसावळ विभागातही अशा मुलांची सुटका केली जाते आणि त्यांना पालकांकडे किंवा बालकल्याण यंत्रणेकडे सोपवले जाते. घरातील भांडण, कौटुंबिक अडचणी आणि शहराचे आकर्षण ही कारणे रेल्वेकडून नेहमी सांगितली जातात. अनेकदा घर सोडण्याआधी मुलाची गैरहजेरी वाढलेली असते. म्हणून शाळेचे हजेरीपत्रक हे साहाय्याचे पहिले साधन ठरू शकते.

यावल, रावेर व चोपडा तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यात, तसेच धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री तालुक्यांत पावरा, भिल्ल, तडवी व कोकणा समाजांची वस्ती आहे. तेथील अनेक मुले आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळांत शिकतात. जळगाव जिल्ह्यातील शाळांचे काम यावल येथील प्रकल्प कार्यालयाकडून पाहिले जाते. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर राहू लागते तेव्हा त्याचा दिवसाचा मोठा भाग अधीक्षक किंवा अधीक्षिकेच्या देखरेखीखाली जातो. त्यामुळे शिक्षकांइतकेच प्रशिक्षण वसतिगृहातील कर्मचाऱ्यांना देणे आवश्यक ठरते. ऊसतोड व अन्य हंगामी कामांसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांबाबत प्रश्न उलटा आहे. ती वर्षातील काही महिने शाळेच्या नजरेबाहेर असतात.

भाषेचा मुद्दा या प्रदेशात महत्त्वाचा आहे. घरात अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी ‘नैराश्य’ किंवा ‘चिंताविकार’ हे शब्द परके असतात. करमत नाही, जीव घाबरतो, पोटात गोळा येतो, डोके जड होते अशा शब्दांत ती आपला त्रास सांगतात. प्रमाण मराठीतील प्रश्नावली जशीच्या तशी वापरल्यास हा त्रास नोंदीतून सुटण्याची शक्यता असते. काही कुटुंबे त्रासाचा अर्थ ‘नजर लागणे’ किंवा ‘बाहेरची बाधा’ असा लावतात आणि प्रथम भगताकडे जातात. अशा वेळी कुटुंबाच्या श्रद्धेची टिंगल न करता उपचार सुरू करून देणे हा मार्ग व्यवहार्य मानला जातो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘मानसमित्र’ या उपक्रमातून कार्यकर्त्यांना अशा प्राथमिक भावनिक आधाराचे प्रशिक्षण दिले आहे.

परिणामकारकता

शाळेत साहाय्य कोणी द्यावे, या प्रश्नावर भारतातील सर्वांत उल्लेखनीय अभ्यास बिहारमधील नालंदा जिल्ह्यात झाला. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो केवळ याच कामासाठी नेमलेल्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, तर काही शाळांत नेहमीच्या शिक्षकांनी चालवला. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१८ साली प्रकाशित झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे व दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या कार्यक्रमाचा तसा परिणाम दिसला नाही. पदव्युत्तर पदवी नसलेली, पण या कामासाठी वेळ असलेली व्यक्ती उपयोगी ठरते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष मानला जातो.

युरोपातील दहा देशांत ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या ‘सेयली’ अभ्यासात (२०१५) विद्यार्थ्यांशी संवादातून मानसिक आरोग्याची जाण वाढवणाऱ्या कार्यक्रमामुळे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांत घट आढळली. याउलट ब्रिटनमधील ‘मिरिअड’ अभ्यासात (२०२२) सर्व विद्यार्थ्यांना सजगतेचे धडे दिल्याने नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ झाला नाही. त्यामुळे प्रत्येक उपक्रम आपोआप उपयोगी ठरतो असे मानता येत नाही.

मर्यादा आणि टीका

सध्याच्या व्यवस्थेवर प्रामुख्याने पुढील आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप शिक्षकांवरील भाराविषयी आहे. अध्यापनाबरोबर मतदार यादी, सर्वेक्षणे व ऑनलाइन माहिती भरण्याची कामे करणाऱ्या शिक्षकाकडेच समुपदेशनही सोपवले जाते. दुसरा आक्षेप असा की, तपासणी होते, पण पाठवणीनंतर मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचले का याचा पाठपुरावा कमकुवत राहतो. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे. लहान गावात ‘याला डोक्याच्या डॉक्टरकडे नेले’ ही बातमी लवकर पसरते. मुलींच्या बाबतीत लग्नाच्या काळजीने पालक उपचार टाळतात.

या क्षेत्रातील काही अभ्यासक उलट बाजूनेही इशारा देतात. दारिद्र्य, जातीय भेदभाव, गळके वसतिगृह किंवा अपमान करणारा शिक्षक यांमुळे येणारे दुःख हा मुलाचा आजार मानल्यास मूळ कारण झाकले जाते. सामान्य उदासीनता किंवा खोडकरपणा यांना विकाराचे नाव दिल्यास मुलावर कायमचा शिक्का बसू शकतो. म्हणून निदान केवळ पात्र तज्ज्ञाने करावे आणि शाळेने निरीक्षण, आधार व पाठवणी एवढीच आपली मर्यादा मानावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

चित्रपटांतील चित्रण

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) या चित्रपटात ‘वाया गेलेली’ ठरवलेल्या तुकडीतील विद्यार्थी आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा शिक्षक यांची कथा आहे. ‘तारे जमीं पर’ (२००७) या हिंदी चित्रपटाने अध्ययन अक्षमता हा विषय घरोघरी नेला. महेश मांजरेकर यांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०) गुणांच्या दडपणावर आधारित आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे नव्या गावी आलेल्या मुलाचे एकटेपण येते. नैराश्य हा विषय असलेल्या ‘कासव’ या मराठी चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला.

मदतवाणी

टेली-मानस: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ (चोवीस तास, मोफत)
बालकांसाठी मदतवाणी: १०९८
मनोदर्पण (विद्यार्थी, पालक व शिक्षकांसाठी): ८४४८४४०६३२

हेही पहा

मानसिक आरोग्य
समुपदेशन
अध्ययन अक्षमता
बालहक्क
आश्रमशाळा
साने गुरुजी
भुसावळ
खानदेश